व्हायरल लोड दबलाय पण सीडी४ वर सरकत नाही, चिनी औषधाने आतड्यातले जंतू सुधारून फायदा होतो का? (नाशिक)

सिडकोची_ताई

नमस्कार सगळ्यांना. विषय नाजूक आहे म्हणून भावाचं नाव, कंपनी सगळं वगळून लिहिते. माझा धाकटा भाऊ एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, अंबड एमआयडीसीत कामाला जातो. टीबी झाला तेव्हा टेस्टमध्ये निघालं आणि त्या वेळी सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, फक्त ६४ होता, म्हणजे फारच उशिरा कळलं. टीबीचा कोर्स पूर्ण झाला, एआरटी म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या तेव्हापासून चालूच आहेत, आता टीएलडीची (तीन औषधं एकत्र असलेली) एकच गोळी रात्री जेवल्यावर घेतो आणि चुकवत नाही हे मी डोळ्याने बघते. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचा आकडा, दर वेळी नॉट डिटेक्टेड. पण सीडी४ दोनशेच्या पुढे गेला आणि तिथेच बसलाय, कधी २१०, कधी २४०, मध्ये २२५. डॉक्टर म्हणतात गोळी चालू ठेवा, पण घरात सगळ्यांच्या डोक्यात तोच आकडा.

त्यात पोटाचं चालूच आहे. सकाळी पातळ होतं, जेवलं की पोट टम्म फुगतं, वजन काही धरत नाही. ओळखीतून एक जण कळले, शहरातच बसतात, चिनी पद्धतीचं औषध देतात, भिंतीवर डॉ. कोटणीसांचा फोटो लावलाय. त्यांनी भावाची शौचाची टेस्ट बाहेरगावी पाठवली, मोठा रंगीत रिपोर्ट आला, त्यात प्रेव्होटेला नावाचे जंतू खूप जास्त आणि बॅक्टेरॉइड्स कमी असं आहे. त्यांचं म्हणणं असं की एचआयव्हीचं खरं घर आतडं आहे, आतड्याला गळती लागलीय, चिनी जडीबुटीने जंतू सुधारले की तीन महिन्यांत सीडी४ पाचशे होईल, पॅकेज २२,००० चं. आणि पहिला महिना सरकारी गोळी बंद ठेवायची कारण त्या केमिकलनेच चांगले जंतू मरतात म्हणे.

गोळी बंद करायला मला भीती वाटते पण भाऊ तयार होत चाललाय कारण तो कंटाळलाय. मी नेटवर वाचलं तर आतडं आणि एचआयव्हीचा संबंध खरंच आहे असं दिसतं, म्हणून गोंधळ जास्त वाढला. हे सगळं थोतांड आहे की यात काही तथ्य आहे? आणि गोळी चालू ठेवून सोबत हे औषध दिलं तर चालेल का? प्लीज कुणाला नीट माहीत असेल तर सांगा.

काउन्सेलर_होते

ताई, बाकीचं नंतर बोलू, आधी गोळी. एक दिवससुद्धा बंद होऊ देऊ नका, भावाला आज रात्रीच बसवून सांगा. व्हायरल लोड दिसत नाही याचा अर्थ विषाणू गेला असा नाही, तो काही पेशींच्या आत दडून बसलेला असतो आणि गोळी थांबली की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच रक्तात परत येतो. ज्याचा सीडी४ आधीच दोनशेच्या आसपास आहे त्याच्याकडे तेवढं खर्ची घालायला शिल्लकच नाही.

आणि "थोडा ब्रेक घेऊन बघू" हे जगात मोठ्या प्रमाणावर करून झालंय. स्मार्ट नावाची चाचणी होती, ३३ देशांतले ५,४७२ लोक, ज्यांचा सीडी४ साडेतीनशेच्या वर होता असेच घेतले होते म्हणजे तुमच्या भावापेक्षा बऱ्या तब्येतीचे. निम्म्यांना गोळ्या चालू आणि निम्म्यांना सीडी४ अडीचशेखाली येईपर्यंत बंद. बंदवाल्या गटात मोठे आजार आणि मृत्यू दुपटीहून जास्त झाले म्हणून २००६ च्या जानेवारीत चाचणी मधेच थांबवावी लागली. त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथे नुसते एचआयव्हीचे नेहमीचे आजार वाढले नाहीत, हार्ट, किडनी, लिव्हरचे पण वाढले.

सीडी४ अडकलाय याची काळजी मी समजू शकते, काउन्सेलिंगच्या खुर्चीत बसून हा प्रश्न असंख्य लोकांकडून ऐकलाय. ज्यांची सुरुवात शंभरच्या खाली होते त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा असाच मध्ये थांबतो. आणि २१०, २२५, २४० हे तीन आकडे वेगळे समजू नका, तो एकच आकडा आहे, सकाळ-संध्याकाळच्या फरकाने, साध्या सर्दीनेसुद्धा एवढा हलतो.

एक विचारायचं राहिलं. सेप्ट्रानची, म्हणजे कोट्रिमॉक्साझोलची, मोठी पांढरी गोळी चालू आहे ना?

सूक्ष्मजीव_शिकवते

मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, डॉक्टर नाही, पण आतड्याचा प्रश्न माझ्या विषयाचा आहे म्हणून जरा लांबच लिहिते. ताई तुमचा गोंधळ होणं अगदी बरोबर आहे, कारण त्या माणसाने सांगितलेल्यातलं अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या जोरावर उरलेलं गळी उतरवलं जातंय.

खरं काय ते आधी. आपल्या शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींचा मोठा हिस्सा रक्तात नसतोच, तो आतड्याच्या अस्तरात असतो. एचआयव्हीची लागण झाली की पहिल्या काही आठवड्यांतच तिथल्या सीडी४ पेशींचा फडशा पडतो, रक्तातला आकडा तेव्हा बरा दिसत असला तरी. त्यातही टीएच१७ नावाच्या ज्या पेशी अस्तराची डागडुजी आणि राखण करतात त्या जास्त जातात. मग शेताचा बांध फुटल्यासारखं होतं, आतड्यातल्या जंतूंचे तुकडे पलीकडे रक्तात झिरपायला लागतात. हे २००६ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतल्या ब्रेंचली आणि डुएक यांच्या गटाने दाखवलं, एलपीएस नावाचा जंतूंच्या कवचाचा घटक त्यांना एचआयव्ही असलेल्या लोकांच्या रक्तात जास्त सापडला. असं सतत झिरपत राहिलं की प्रतिकारशक्ती चोवीस तास खवळलेली राहते, पेशी दमतात, लवकर मरतात. एआरटीने हे बरंच कमी होतं पण आतडं रक्ताच्या मानाने हळू भरून येतं आणि काही जणांत पूर्ण येत नाही. गोळ्या नीट चालू असून सीडी४ न वाढणाऱ्यांत ही खवळ जास्त दिसते. म्हणजे "आतडं महत्त्वाचं" हे वाक्य खोटं नाही.

आता तो रंगीत रिपोर्ट. प्रेव्होटेला जास्त आणि बॅक्टेरॉइड्स कमी ही जोडी सुरुवातीच्या अभ्यासांत एचआयव्हीची खूण म्हणून खूप गाजली होती. पण २०१६ मध्ये बार्सिलोनाच्या गटाने नीट वेगवेगळं करून पाहिलं तेव्हा दिसलं की ही जोडी एचआयव्हीशी नाही तर पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांच्या गटाशी जुळते, मग ते पॉझिटिव्ह असोत की निगेटिव्ह. आधीच्या अभ्यासांत पॉझिटिव्ह गटात असे पुरुष जास्त होते म्हणून फसगत झाली. आणि याहून साधी गोष्ट म्हणजे भाकरी, डाळ, भाजी खाणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात प्रेव्होटेला भरपूर असतोच, तो आपल्या जेवणाचा जंतू आहे. तुमची टेस्ट केली, माझी केली, सिडकोतल्या कुठल्याही घरातल्या आजीची केली तरी हाच रिपोर्ट येण्याची शक्यता मोठी. त्यावरून आतड्याला गळती लागलीय हे कळत नाही, ते त्या टेस्टमध्ये मोजलेलंच नसतं.

आणि सीडी४ पाचशे करून देण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आकडा वाढवणारं औषध आधी निघालं होतं, इंटरल्युकिन-२. एस्प्रिट आणि सिल्कॅट अशा दोन मोठ्या चाचण्या झाल्या, २००९ ला निकाल आले. गोळ्यांसोबत हे इंजेक्शन दिलेल्यांचा सीडी४ खरोखर वाढला, पण आजारपणात आणि मृत्यूत काहीच फरक पडला नाही. म्हणून कुणी फक्त आकड्याचा ग्राफ दाखवला की मी विचारते की माणसं कमी आजारी पडली का ते दाखवा.

गोदाकाठचा

सगळे एकदम तुटून पडू नका राव. चिनी औषध म्हणजे सगळं खोटं असं नसतं, मलेरियाचं आर्टेमिसिनिन कुठून आलं? तू यूयू बाईंनी जुन्या चिनी ग्रंथात वाचून दवण्याच्या जातीच्या झाडातून काढलं आणि २०१५ ला नोबेल मिळालं. आपल्या महाराष्ट्रात तर अ‍ॅक्युपंक्चरला कायद्याने मान्यता आहे, माझ्या आईच्या गुडघ्याला बराच आराम पडला त्याने. गोळी बंद करायला सांगणं चूकच, त्यात वाद नाही, पण गोळी चालू ठेवून सोबत घेतलं तर काय बिघडलं? चीनमध्ये एचआयव्हीवाल्यांना सरकारच देतं ना ही औषधं?

वैद्य_पंचवटी

गोदाकाठचे दादा, प्रश्न चांगला विचारलात, मी बीएएमएस आहे, वनस्पतींच्या औषधावरच माझी प्रॅक्टिस चालते, त्यामुळे जडीबुटीला नावं ठेवायला मी इथे आलो नाही.

हो, चीन सरकारने २००४ पासून एचआयव्हीसाठी पारंपरिक औषधांचा मोफत कार्यक्रम चालवलाय. हेनान प्रांतात नव्वदच्या दशकात रक्त विकण्याच्या धंद्यातून गावंच्या गावं बाधित झाली होती, तिथल्या लोकांना यिआयकांग नावाच्या कॅप्सूल दिल्या गेल्या. तिथे एआरटी घेणाऱ्यांना हे औषध एआरटीच्या जोडीने देतात, एआरटी काढून घेऊन नव्हे. ज्या देशाची ही विद्या आहे तिथले डॉक्टर जे करत नाहीत ते नाशिकमध्ये बसून कुणी कोणत्या आधारावर सांगतो?

त्यांचा विचार काय तेही सांगतो, कारण आपल्याला तो परका वाटणार नाही. त्यांच्याकडे प्लीहा आणि जठर मिळून पचनाची एक शक्ती मानतात, ती मंदावली की जुलाब, फुगणं, थकवा, वजन घटणं, आणि मग प्रतिकारही ढासळतो. आपल्या अग्निमांद्याच्या जवळच जातं ते. त्यावर सोंग राजवटीच्या काळापासून चालत आलेला शेन लिंग बाई झू सान नावाचा पाठ आहे, त्यात जिनसेंग, कमळबी, ज्येष्ठमध आणि चक्क आपला वालसुद्धा आहे. आधुनिक अंगाने बघितलं तर यातली शर्करायुक्त तंतुद्रव्यं आपण पचवत नाही, ती मोठ्या आतड्यातले जंतू खातात. जिनसेंगमधली द्रव्यं तर आतड्यातले जंतू मोडतात तेव्हाच त्यांचं रक्तात शोषलं जाणारं रूप तयार होतं, म्हणजे एकाच औषधाचा परिणाम ज्याच्या-त्याच्या जंतूंवर ठरतो. दारुहळदीत आणि चिनी हुआंगलियानमध्ये असलेलं बर्बेरिन रक्तात जवळपास जातच नाही, आतड्यातच काम करतं, जुलाबावर चीनमध्ये पूर्वीपासून वापरतात. यातून पुढे काही चांगलं निघेल असं मला मनापासून वाटतं.

पण पुरावा कुठवर आलाय? एचआयव्हीमधल्या वनस्पती औषधांच्या चाचण्यांचा कोक्रेन या संस्थेचा आढावा २००५ मध्ये झाला, त्यात निकषांत बसणाऱ्या ९ चाचण्या, मिळून ४९९ माणसं. निष्कर्ष असा की वापरा म्हणायला पुरेसा आधार नाही. त्यानंतर सगळ्यात गंभीर काम बीजिंगच्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेज हॉस्पिटलमध्ये ली ताइशेंग यांच्या गटाने केलं, तुमच्या भावासारख्याच लोकांवर, म्हणजे विषाणू दबलेला पण सीडी४ अडकलेला. त्यांनी घेतली लेइ गोंग तेंग ही वेल. ही वेल प्रतिकारशक्ती वाढवत नाही, दाबते! खवळलेली प्रतिकारशक्ती शांत केली तर पेशी कमी मरतील असा त्यांचा तर्क. आणि ही वेल विषारी आहे, लिव्हर, किडनी, रक्त, पुरुषांचं वीर्य सगळ्यावर परिणाम करते, म्हणून आता तिच्यातल्या एका द्रव्याचं सुधारलेलं रूप मोजूनमापून चाचणीत देऊन बघतात. हे हॉस्पिटलमध्ये रक्त तपासत तपासत करायचं काम आहे, पाकिटातून घरी आणून नव्हे.

आता "सोबत घेतलं तर काय बिघडलं" याचं उत्तर. टीएलडीतल्या टेनोफोव्हिरचा भार किडनीवर असतो. आणि चिनी औषधांतलं सगळ्यात कुप्रसिद्ध प्रकरण किडनीचंच आहे, १९९० च्या दशकात ब्रसेल्सच्या एका वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये एका चिनी मुळीच्या जागी चुकून अ‍ॅरिस्टोलोकियाची मुळी गेली आणि अनेक बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या, पुढे काहींना कॅन्सर झाला. ही वनस्पती आपल्याकडेही आहे, ईश्वरी आणि कीडामारी त्याच कुळातल्या, त्यामुळे मी हे फक्त चिन्यांवर ढकलत नाही. जास्त ज्येष्ठमधाने बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. लसणाच्या कॅप्सूलने सॅक्विनाव्हिर या एचआयव्हीच्या जुन्या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर आलं होतं, फोडणीतल्या लसणाबद्दल नाही बोलत, तो खा. आणि आमच्या आयुर्वेदवाल्यांनी लक्षात ठेवायचं म्हणजे टीएलडीतलंच डोलुटेग्राव्हिर हे लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक यांना आतड्यातच चिकटतं आणि शोषलं जात नाही. मंडूर म्हणजे लोह, शंखभस्म आणि प्रवाळ म्हणजे कॅल्शियम, सांधेदुखीला किंवा अ‍ॅसिडिटीला सहज दिलं जातं. रुग्ण आम्हाला एचआयव्ही आहे सांगत नाही आणि एआरटी सेंटरला भस्म घेतो हे सांगत नाही, दोन्हीकडे अंधार.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, १९३८ मध्ये चीनला गेले ते सर्जन म्हणून, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांचा फोटो लावून २२,००० चं पॅकेज विकलेलं मला बघवत नाही.

सिडकोची_ताई

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं सविस्तर कुणी समजावलंच नव्हतं. भावाला हे सगळं वाचून दाखवलं, स्मार्टचं ऐकून तो गप्प झाला आणि गोळी बंद करणार नाही म्हणाला.

पण काउन्सेलर मॅडम, तुम्ही सेप्ट्रानचं विचारलं म्हणून त्याला विचारलं तर ती त्याने दिवाळीपासून बंद केलीय! त्याच माणसाने फोनवर सांगितलं होतं की हे अँटिबायोटिक आहे, रोज घेतलं तर आतड्यातले चांगले जंतू मरतात. मला हे माहीतच नव्हतं. आणि पातळ व्हायचं प्रमाण त्यानंतरच वाढलं असं आता आठवून आठवून वाटतंय.

दुसरं म्हणजे एक सँपल डबी घरी आलेली आहे, त्यावर अ‍ॅस्ट्रॅगॅलस, जिनसेंग, लिकोरिस, रेशी असं लिहिलंय, खाली "मिनरल कॉम्प्लेक्स" कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक, आणि शेवटी "स्पेशल ब्लेंड" एवढंच. बॅच नंबर नाही, लायसन्स नंबर नाही. रात्री जेवल्यावर घ्यायची असं सांगितलंय म्हणजे बरोबर टीएलडीच्याच वेळेला.

आणि तो एआरटी सेंटरला जायला टाळतो, मीच पुस्तक घेऊन गोळ्या आणते. त्याला वाटतं रांगेत कंपनीतलं कुणी भेटलं तर. पोटासाठी घरी काय खायला द्यायचं तेही सांगा ना कुणीतरी, दही द्यावं का, ते प्रोबायोटिकचे सॅशे मिळतात ते द्यावे का?

काउन्सेलर_होते

ताई ही सेप्ट्रानची गोष्ट मला चिनी औषधापेक्षा मोठी वाटते. सीडी४ साडेतीनशेच्या खाली असेपर्यंत कोट्रिमॉक्साझोल रोज घ्यायची असते, साडेतीनशेच्या वर गेला, सहा महिन्यांनी परत तपासला आणि तेव्हाही वरच राहिला की मग डॉक्टर बंद करतात, आपण नाही. एक विशिष्ट न्यूमोनिया, मेंदूतला टॉक्सोप्लाझ्मा, आणि आतड्यातला आयसोस्पोरा नावाचा परजीवी हे ती अडवून धरते. आयसोस्पोरा म्हणजे नेमकं असंच, पाण्यासारखं जाणं, फुगणं, वजन न धरणं, आपल्या देशात सीडी४ कमी असलेल्यांमध्ये सापडतो तो. तेच आहे असं मी इथे बसून म्हणू शकत नाही, पण शौचाची तपासणी होणं भाग आहे. गोळी का बंद केली होती ते डॉक्टरांना सरळ सांगा म्हणजे परत सुरू करताना ते बघतील, त्याला कधी अंगावर पुरळ वगैरे उठलं होतं का तेही सांगा.

रांगेचं म्हणाल तर २०१७ चा एचआयव्ही एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्याच्या परवानगीशिवाय त्याचं स्टेटस कुणी कुणाला सांगू शकत नाही आणि या कारणाने कंपनी त्याला काढू शकत नाही. तरी भीती जात नाही हे मला माहीत आहे. सिव्हिलला नको वाटत असेल तर सोयीच्या दुसऱ्या सेंटरला ट्रान्सफर करून मिळते, विचारा. १०९७ ला फोन केला तर फुकट माहिती मिळते, नाव सांगावं लागत नाही. पण या वेळी त्याने स्वतः जायला हवं, पोट दाबून बघणं, वजन, टीबीची लक्षणं परत विचारणं हे तुमच्या हातात पुस्तक देऊन होत नाही.

सूक्ष्मजीव_शिकवते

"सेप्ट्रानने चांगले जंतू मरतात" यावर मला बोललंच पाहिजे, कारण हे नेमकं तपासून झालंय. युगांडा आणि झिंबाब्वेतल्या एचआयव्ही असलेल्या, एआरटीवरच्या मुलांमध्ये अ‍ॅरो नावाची चाचणी झाली, काहींची कोट्रिमॉक्साझोल थांबवली, काहींची चालू ठेवली. थांबवलेल्या मुलांना दवाखान्यात दाखल करायची वेळ जास्त आली. मग २०१९ मध्ये त्याच मुलांच्या नमुन्यांवर पुढचं काम आलं, तर गोळी चालू असलेल्यांमध्ये शरीरातला आणि आतड्यातला दाह कमी होता आणि आतड्यातल्या जंतूंची एकूण घडी फारशी विस्कटली नव्हती. म्हणजे आतड्याच्या नावाखाली जी गोळी बंद करायला लावली तीच आतड्याच्या बाजूने काम करत होती! मला याचा फार राग येतो.

सॅशेबद्दल: प्रोबायोटिकच्या एचआयव्हीतल्या चाचण्या छोट्या आणि उलटसुलट आहेत, सीडी४ ठामपणे वाढतो असं दिसलेलं नाही. फार क्षीण माणसांत त्यातलेच जंतू रक्तात गेल्याच्या क्वचित नोंदी आहेत म्हणून डॉक्टरांना न विचारता देऊ नका. घरचं ताजं दही-ताक वेगळं, ते चालतं, फक्त दूध नीट उकळलेलं. पाणी मात्र उकळूनच प्यायला द्या. आतड्यात जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जीव क्लोरीनला दाद देत नाही, तुरटी फिरवूनही मरत नाही, उकळलं की मरतो. बाहेरची कच्ची मोड आलेली उसळ, कापून ठेवलेली फळं सध्या टाळा, घरी शिजवलेली मटकी खुशाल.

नागलीची_भाकर

मी स्वतः पॉझिटिव्ह आहे, पेठकडचा, आता नाशिकलाच असतो. नियमित वाचतो पण लिहित नाही, आज लिहावंसं वाटलं कारण ताई तुमच्या भावाचा आकडा आणि माझा आकडा एकच आहे. माझा कित्येक वर्षं अडीचशेच्या आतबाहेर राहिला, आता कुठे तीनशेच्या वर दिसायला लागलाय, तोही सावकाश. या काळात मी कामावर गेलो, लग्न झालं, बायको निगेटिव्ह आहे, मुलगी निगेटिव्ह आहे. व्हायरल लोड दबलेला असला की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही हे मला सेंटरवर समजावलं तेव्हा मी घरी येऊन खूप रडलो होतो. भावाचं लग्नाचं वय असेल तर त्याला हे नक्की सांगा, सीडी४ च्या आकड्यात अडकलेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही.

खाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे नागलीची भाकरी, उडदाचं भुजं, हिरवी भाजी, हेच खाऊन मोठे झालो. शहरात आल्यावर सकाळ-सकाळ मिसळ-पाव आणि दिवसभर चहा यावर राहत होतो तेव्हा पोट बिघडायचंच. आता नागली, डाळ, केळं, ताक, दुपारी डबा. याने सीडी४ वाढला असं मी म्हणणार नाही, गोळीनेच वाढला, पण पोट शांत झालं आणि अंगाला लागायला लागलं. जुलाब चालू असेपर्यंत एकदम जास्त कोंडा-चोथा देऊ नका मात्र, भात-ताक, मुगाची पातळ खिचडी द्या, आधी तपासणी होऊ द्या.

आणि ताई, त्याच्यासोबत पहिल्यांदा जायला कुणी हवं असेल तर सेंटरवर काउन्सेलरला विचारा, आमच्यासारखे पॉझिटिव्ह लोकांचे गट आहेत, कुणीतरी बाहेर बाकावर बसायला येतं. एकटा रांगेत उभा राहायची भीती मला चांगली माहीत आहे.

वैद्य_पंचवटी

त्या डबीबद्दल. कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक आणि टीएलडी एकाच वेळी, हे नकोच. नियम असा की मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमवाल्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या किंवा पातळ औषध घ्यायचं असेल तर डोलुटेग्राव्हिर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. नुसतं कॅल्शियम किंवा लोह जेवणासोबत घेतलं तर एकत्र चालतं, रिकाम्या पोटी नाही. पण हे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधासाठी सांगतोय, ज्या डबीवर स्पेशल ब्लेंड एवढंच लिहिलंय तिला वेळेचा नियम लावून उपयोग नाही, ती बंदच. फेकू नका, तशीच सेंटरला घेऊन जा आणि टेबलावर ठेवा. थोडी जरी घेतली असेल तर क्रिएटिनिन म्हणजे किडनीची आणि लिव्हरची टेस्ट करायला सांगा. आणि भावाला पोटासाठी आयुर्वेदिक काही घ्यायचं असेल तर माझ्यासारख्या कुणाकडेही जा, पण टीएलडीची बाटली दाखवून.

सिडकोची_ताई

भाऊ गुरुवारी सुट्टी टाकून स्वतः येतोय, मी सोबत आहे. डबी आणि तो रंगीत रिपोर्ट दोन्ही पिशवीत ठेवलंय. पॅकेजचे पैसे अजून दिलेले नव्हते. शौचाची टेस्ट तर एकदा झालीच आहे ना, मग परत करायची का? तो म्हणेल आता परत कशाला.

काउन्सेलर_होते

परत करायचीच. त्या रिपोर्टमध्ये जंतूंच्या जातींची टक्केवारी आहे, परजीवी शोधलेलेच नाहीत. आणि साध्या स्टूल रुटीनमध्येसुद्धा आयसोस्पोरा, क्रिप्टोस्पोरिडियम सुटून जातात, त्यासाठी मॉडिफाइड अ‍ॅसिड फास्ट स्टेन करावा लागतो, टीबीच्या थुंकीला करतात त्याच जातीचा. डॉक्टरांना सांगा सीडी४ कमी आहे, कोट्रिमॉक्साझोल बंद होती, फॉर्मवर तसं लिहून द्या, म्हणजे लॅबवाले तो स्टेन लावतील. नमुना ताजा हवा, लॅबमधून डबी आधी आणून ठेवा आणि सकाळी झालं की लगेच पोचवा. पहिल्यात काही नाही आलं तरी वेगवेगळ्या दिवशीचे तीन द्यायला सांगतात कारण ते रोज सारखे पडत नाहीत. त्याला नीट समजावून ठेवा, नाहीतर एका निगेटिव्ह रिपोर्टवर तो सोडून देईल. रिपोर्ट आला की इथे टाका.